निळा गाऊन

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला गाऊन,
अडीचशे सांगितले, एकशेऐंशीला दिला.
पुढे एक खिसा, त्यात किल्ली आणि सुटे पैसे मावतात.
तो आता तुझ्या कपाटात असतो, साईश,
हँगरला, इस्त्री करून.
माझ्या कुठल्याच कपड्याला आजवर इस्त्री लागली नव्हती.

पहिल्यांदा घातलास तेव्हा तुझी बारावी चालू होती.
डोक्याला टॉवेल, हातात दवली,
आणि तोंडात माझा आवाज:
'पोदेर येऊन गेला, उंडे घेतले नाहीत,
आता खा माझं डोकं, आमटीत बुडवून!'
मी हसले. शेजारची शेवंती हसली.
एका रात्रीत चार लाख माणसं हसली.
चार लाख म्हणजे किती रे, मी विचारलं.
म्हणालास, लईराईच्या जत्रेतली माणसं मोज,
दमलीस की पुन्हा पहिल्यापासून मोज.

मग पैसे आले.
असे पैसे मी एकदा पाहिलेत.
तू सहा वर्षांचा होतास,
आणि डिचोलीच्या रस्त्यावरून लाल धूळ उडवत
तुझ्या बापाचा ट्रक दिवसाला आठ खेपा मारायचा.
दर चतुर्थीला नवा टीव्ही.
मग एका सकाळी तो खाणीच्या फाटकावरून परत आला
आणि चप्पल न काढताच म्हणाला,
'आज भरलं नाही.'

ट्रक अजून परसात आहे. त्याच्यावर घोसाळ्याचा वेल चढलाय,
यंदा बरी लागली घोसाळी.
त्याच्या शेजारी तुझी पांढरी गाडी.
ती आमच्या वाटेवर वळत नाही,
म्हणून न्हाणीघराची भिंत पाडलीस.

देवळाच्या कमिटीने पत्रिकेत तुझं नाव मोठं छापलं,
पावती आधीच फाडून आणली होती.
तुझ्या मामाला अचानक तुझा वाढदिवस आठवला.
पणजीचा तो माणूस, कानात बटण घातलेला,
माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाला,
'आंटी, तुम्ही काही करू नका, फक्त बोलत राहा.'
आणि मिक्सर ठेवून गेला.
त्या मिक्सरवर मी शुक्रवारपर्यंत चिडायचं होतं.

चिडले.
पण आता शब्द ओठाशी आला की दिसतं मला
तुझा डावा हात हळूच खिशाकडे जातोय.
मी तो गिळते. घशाला चटका बसतो.
पंखा चालू ठेवून तू बाहेर गेलास, मी गप्प.
ओला टॉवेल गादीवर, गप्प.
आपल्या घरात दुसरी खाण सुरू झालीय, पुता,
आणि ती खाण म्हणजे मी,
हे मला कळायला जरा वेळच लागला.

परवा जेवताना, ताटाकडे बघत, म्हणालास,
'आई, आठवडा झाला, तू काहीच बोलली नाहीस.'
अगदी बापाचा आवाज.
तो मात्र तुला काढायला कुणी सांगितला नव्हता.

काल रात्री दीड वाजता गाडीत दिवा होता.
तू आत, सीटवरचं प्लास्टिक तसंच,
इंजिन बंद,
अंगात तो निळा गाऊन, टॉवेल गळ्यात पडलेला.
एकोणीस वर्षांचा माझा मुलगा,
अंगठ्याने आकडा खाली ओढून सोडत होता,
पुन्हा ओढत होता, पुन्हा सोडत होता,
विहिरीचं पाणी आटलं की आम्ही कळशी सोडून बघायचो, तसा.

मी काचेवर टकटक केलं.
काच खाली आली. तुझे डोळे सुजलेले.
म्हणालास, 'ओरड ना गं जरा.'

फोन मांडीवर पालथा होता.
पालथ्या फोनला ऐकू येतं का, मला ठाऊक नाही.

मी ओरडले.